जास्त म्हणजे किती?

'जास्त' हे विशेषण आपण फार सैलपणे वापरतो. कादंबरीत निवेदन जास्त झाले, कवितेत प्रतिमा जास्त झाल्या, असे म्हणताना कशाच्या मानाने जास्त, हे सांगण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. वाङ्मयाच्या वर्गात हा सैलपणा खपून जातो, कारण चुकीच्या विशेषणाने कोणाची पोटरी भाजत नाही. जिथे भाजते अशा एका ठिकाणी आम्हांला या शब्दाचा जरा बारकाईने विचार करावा लागला. ते ठिकाण म्हणजे एका नव्या यंत्राचा सायलेन्सर.

आम्ही नांदेडला राहतो. आमचे धाकटे बंधू लातूर जिल्ह्यात, अहमदपूरच्या बाजूला शेती पाहतात. जमीन काळी, भारी. पावसाळ्यात ट्रॅक्टर आत घातला तर रुततो, आणि न रुतला तरी माती दाबून टाकतो. म्हणून त्यांनी फवारणीसाठी आणि लहानसहान ओझ्यासाठी एक एटीव्ही घेतली. गावाच्या भाषेत 'चार चाकांची मोटारसायकल'. रुंद, मऊ टायर, एका सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, साधा कार्बोरेटर, मागे फवाऱ्याची टाकी. पहिल्याच महिन्यात तक्रार सुरू झाली : सायलेन्सर जास्त तापतो. विकणाऱ्याचे उत्तर तयार होते, "नव्या गाडीला असं होतंच." आणि हे यंत्र रोज चालवणारे सालगडी, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, त्यांचे म्हणणे असे होते : "सर, पळवली की गप ऱ्हाती. फवाऱ्याला हळू लावली की तासाभरानं उजव्या पोटरीला धग लागती. अन् रेस सोडली की सायलेन्सरातून फटफट करती."

आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून कविता वाचायला दिल्या आणि त्यांच्या प्रतिसादांची चिकित्सा 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या १९२९ सालच्या ग्रंथात केली, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. वाचनात आड येणाऱ्या गोष्टींमध्ये त्यांनी साचेबंद प्रतिसाद मोजला होता. समोरची संहिता न वाचताच मनात तयार असलेले उत्तर वाचक तिच्यावर चढवतो, तो हा प्रकार. 'नव्या गाडीला असं होतंच' हा त्याचा अस्सल नमुना होय. त्यात गाडीविषयी काहीच नाही. उलट मामांच्या तीन वाक्यांत केव्हा, किती वेळाने, कोणत्या बाजूला आणि सोबत आणखी काय, इतके सगळे आहे. प्रश्न एवढाच होता की यांपैकी कोणाचे वाचन प्रमाण मानायचे.

विकणाऱ्याचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. इंजिन म्हटले की उष्णता टाकून देणे आलेच. सादी कार्नो याने १८२४ साली दाखवून दिले की उष्णतेपासून काम मिळवायचे तर ती उष्ण जागेकडून थंड जागेकडे वाहिली पाहिजे, आणि तिचा काही भाग टाकावाच लागतो. साध्या पेट्रोल इंजिनात इंधनातल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश वाटा धुराबरोबर जातो. भार असताना सिलिंडरमधून बाहेर पडणारा वायू सहाशे ते आठशे अंश सेल्सिअस तापलेला असू शकतो. मे महिन्यात नांदेड-लातूरकडे पारा बेचाळीसच्या वर जातो खरा, पण या आकड्यांपुढे उन्हाला दोष देण्यात फारसा अर्थ नाही. नव्या नळीवरचे तेल आणि रंग पहिल्या काही तासांत जळून वास येतो, तोही दोष नव्हे. म्हणजे 'तापतो' ही तक्रारच होऊ शकत नाही. तक्रार आहे ती 'जास्त' या शब्दात, आणि त्याला माप हवे.

माप घेणेही वाटते तितके सरळ नसते. तापलेल्या पोलादावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि रंग उमटतात : साध्या पोलादावर सव्वादोनशे अंशांच्या आसपास गवती पिवळा, तीनशेच्या सुमारास निळा. पण नळी स्टेनलेस असेल तर हेच रंग बऱ्याच वरच्या तापमानाला येतात. रंग तोच, अर्थ निराळा. धातू कोणता हे ठाऊक नसेल तर निळी नळी पाहून काहीच सिद्ध होत नाही. अंधारात नळी मंद लाल दिसू लागली तर मात्र धातू कोणताही असो, ती सव्वापाचशे अंशांच्या घरात पोचली असे समजावे. ही मर्यादा जॉन विल्यम ड्रेपर याने १८४७ साली सांगितली. दुरून तापमान दाखवणारी इन्फ्रारेड बंदूक आता सहज मिळते, परंतु चकचकीत धातूवर ती प्रत्यक्षापेक्षा बरेच कमी दाखवते. उपकरणालाही आपले पूर्वग्रह असतात. शेवटी उपयोगी पडली ती स्वयंपाकघरातली रीत. भाकरी टाकण्यापूर्वी तव्यावर पाणी शिंपडतात. तवा बेताचा तापलेला असेल तर थेंब चुर्र करून जागीच आटतो. फार तापला असेल तर तो वाफेच्या गादीवर तरंगत गोळीसारखा पळतो. लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने १७५६ साली याचे सविस्तर वर्णन केले. चुलीपुढच्या बायकांना ते त्याच्या ग्रंथावाचूनही ठाऊक होते. आमच्या यंत्रावर पायाजवळच्या संरक्षक पत्र्यावर, म्हणजे जो तुलनेने थंड राहावा म्हणूनच बसवलेला असतो त्याच्यावर, थेंब पळत होता. हे जास्तच होते.

आता कारणे. ती दोन कुळांतली असतात. एक, उष्णता वाजवीपेक्षा अधिक निर्माण होते किंवा चुकीच्या जागी निर्माण होते : हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, ठिणगी उशिरा पडते, किंवा न जळलेले इंधन नळीत जाऊन जळते. दोन, उष्णता नेहमीइतकीच असते पण निघून जात नाही. मामांचे पहिले वाक्य, पळवली की गप, दुसऱ्या कुळाकडे बोट दाखवत होते, कारण वेगात वारा लागतो. पत्रा खोलला तेव्हा आत काळ्या चिखलाचा आणि सोयाबीनच्या भुश्याचा वाळून घट्ट झालेला थर निघाला. तो खरवडून काढल्यावर धग कमी झाली, पण फटफट गेली नाही. म्हणजे संहितेतला एक शब्द अजून अर्थाबाहेर राहिला होता.

अहमदपूरच्या एका मिस्त्रींनी तो लावला. कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणाऱ्या रबरी नळीची क्लिप ढिली होती. तिथून मोजमापाबाहेरची हवा आत शिरत होती. रेस कमी असताना आतली ओढ सर्वांत जास्त, म्हणून हळू चालवताना ही चोरटी हवाही सर्वांत जास्त. मिश्रण पातळ होते, नीट पेटत नाही, आणि रेस सोडताच उरलेले इंधन सायलेन्सरात फुटते. प्लगचे टोक तपकिरी असावे ते पांढरट पडले होते. क्लिप आवळली, फटफट थांबली, आणि पत्र्यावरचा थेंब जागीच आटू लागला. मिस्त्रींची शिस्त लक्षात राहण्यासारखी होती : आधी बाहेरचे आणि स्वस्त, मग आतले आणि महाग, एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा तपासणी. समीक्षेच्या किती लेखांत ही शिस्त आढळते?

कारणांची साखळी इथे संपत नाही, हेही खरे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठले. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. या मिश्रणाला सुमारे साडेतेरा. कार्बोरेटरला हा फरक कळत नाही. जुन्या मापाने इंधन सोडत राहिल्यास मिश्रण आणखी थोडे पातळ होते. ते इथेनॉल उसापासूनही बनते, आणि ऊस त्याच लातूर जिल्ह्यात पिकतो जिथे २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. आम्हां मास्तर मंडळींना क्लिपपासून थेट पाण्याच्या राजकारणापर्यंत जाण्याचा मोह आवरत नाही. तो विचार आवश्यकच आहे. पण क्रम महत्त्वाचा. आधी क्लिप आवळली पाहिजे. तीनशे अंशांच्या पत्र्याला चिकटलेला वाळला भुसा धुमसू लागतो, आणि सुगीत हे यंत्र ज्या बनिमीशेजारी उभे राहते तिच्यात वर्षाचे सोयाबीन असते.

या प्रकरणातून आमच्या हाती लागले ते असे. 'जास्त' हा शब्द वापरण्याचा पहिला अधिकार यंत्र विकणाऱ्याचा नसतो, ते दुरून पाहणाऱ्याचाही नसतो. ज्याची पोटरी त्या पत्र्याशेजारी असते त्याचा असतो. पाडव्याला साल ठरवून आलेल्या माणसाच्या बोलण्याला आपण तक्रार म्हणतो आणि विकणाऱ्याच्या बोलण्याला माहिती म्हणतो; इथे नेमके उलटे होते. बंधूंनी आता नियम केला आहे : काम संपले की पत्र्यामागचा भुसा काढायचा, यंत्र बनिमीपासून दूर लावायचे, आणि मामा 'आज नको' म्हणाले तर त्या दिवशी ते बाहेर काढायचे नाही. कारण नंतर शोधता येते.