चंदनसारची ‘तू-तुम्ही’

विरार स्टेशनच्या पूर्वेला उतरून रिक्षावाल्याला ‘चंदनसार’ म्हणावे, तर तो चौथा माणूस म्हणून आपल्याला आत कोंबतो. चंदनाचा वास मात्र वाटेत कुठेच येत नाही. इमारतींच्या फटींतून जीवदानीचा डोंगर तेवढा दिसतो. अशाच एका इमारतीच्या गच्चीवर मराठीचा एक प्राध्यापक चाळिशी उलटल्यावर ‘यो, तू, एल, एया’ घोकत फेऱ्या घालतो. तो मी. शेजारच्या पोराने विचारलेच, “सर, परीक्षा आहे का?”

होती खरी! ताईची मुलगी लग्न होऊन माद्रिदला गेली. दिवाळीला विहीणबाईंशी चार शब्द बोलायचे, तेही लेकीच्या तोंडून, हे ताईला पटेना. म्हणून दुभाषाचे काम भावाकडे आले.

सर्वनामे तर मी जन्मभर शिकवली. स्पॅनिशचा ‘तू’ आपलाच निघाला. ‘आब्लो’ म्हटले की ‘मी बोलतो’ झाले, ‘यो’ घरी बसला तरी चालतो. आपणही ‘येतो हं’ म्हणूनच निघतो ना? फक्त तिथे बोलतो आणि बोलते एकच. उलट ‘आम्ही’ला लिंग आहे. साऱ्या बायका असल्या तर ‘नोसोत्रास’, त्यांत एक पुरुष शिरला की ‘नोसोत्रोस’! आपल्या ‘आम्ही’ आणि ‘आपण’ मधला भेद मात्र त्या भाषेत नाही.

खरी अडचण ‘उस्तेद’ची. ‘वुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, हे संबोधन झिजून झालेला हा शब्द. म्हणून माणूस समोर बसलेला असला तरी क्रियापद तृतीय पुरुषी. ‘सरकार काय म्हणतात’ असा थाट.

एका रविवारी उजळणीसाठी वसईचा किल्ला गाठला. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती घेतली, हे आपण शाळेत शिकतो. पण याच वसईत सोळाव्या शतकात जन्मलेला गोन्सालो गार्सिया मनिलाला स्पॅनिश फ्रान्सिस्कनांत सामील झाला, आणि १५९३ मध्ये त्यांचे शिष्टमंडळ जपानला हिदेयोशीपुढे गेले तेव्हा दुभाषा तोच होता. पुढे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्याला क्रुसावर मारले. १८६२ मध्ये रोमने त्याला संत ठरवले. तटावर बसल्याबसल्या मनात आले, एकीकडे ‘वुएस्त्रा मेर्सेद’, दुसरीकडे जपानी दरबाराचे मानपान, आणि मधे हा एकटा वसईकर! मला तर एकच विहीण सांभाळायची होती.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फोनच्या पडद्यावर विहीणबाई आल्या. मी घसा साफ करून ‘उस्तेद’ने सुरुवात केली. त्यांनी मात्र ताईकडे पाहून पहिल्याच वाक्यात ‘तू’ म्हटले. आणि नेमका तोच शब्द ताईला कळला! तिचा चेहरा उतरला. “मुलीची आई म्हणून अरेतुरे?”

“अगं, तिकडे घरच्या माणसाला ‘तू’च म्हणतात,” मी घाईने म्हणालो. “तुला ‘उस्तेद’ म्हटले असते, तर तू परकी ठरली असतीस.”

ताई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “खरंच की. आईला आणि देवाला आपण तरी काय म्हणतो?” तिने चकल्यांची ताटली पडद्यापुढे धरली आणि विहीणबाईंना म्हणाली, “तू पण घे गं!”

विहीणबाई खळखळून हसल्या. भाषांतर कुणी मागितलेच नाही. मी आपला एक चकली उचलून बाजूला झालो.