दाबा, धरा, सोडा

मोटारीच्या पुढच्या डाव्या चाकातून चिरका आवाज येऊ लागला, तेव्हा मी रेडिओ मोठा केला. मराठीच्या प्राध्यापकाला सुचलेला हा उपाय! ब्रेकचा पॅड झिजत आला की त्यावरची पत्र्याची बारीक जीभ चकतीला घासून ओरडते, हे चिरंजिवांनी चाक काढून दाखवले. कॅलिपरमधला पिस्टनही गंजून अडकला होता.

"घरीच बदलू," तो म्हणाला. जूनमध्ये माझे न ऐकता त्याने मेकॅनिकलला नाव घातले. तेव्हापासून आमचे बोलणे 'हो-नाही'पुरतेच उरले होते.

रविवारी गाडी स्टँडवर टेकवली. दोन्ही चाकांना नवे पॅड आणि डावीकडे नवा कॅलिपर बसला. तरी पेडल आपले मऊच! नळीत हवा शिरली होती. तेल दबत नाही, हवा दबते. पायाचा सारा जोर तीच गिळते. ती काढायला माणसे दोन लागतात. मी आत बसलो, तो चाकाशी.

"दाबा." दाबले. "धरा." त्याने निपल सैल केला, बुडबुडे निघाले, निपल आवळला. "आता सोडा." आधीच पाय उचलला तर हवा पुन्हा आत! वीस वर्षे वर्गाला सूचना देणारा मी निमूट ऐकत होतो. तासाभराने पेडल घट्ट झाले.

"आवारात पहिली फेरी मी एकटाच मारतो," मी म्हणालो.

त्याने शेजारचे दार उघडले आणि आत बसला.

"बसवलाय मीच ना, बाबा?"