कोठीतील सेवा

अन्नछत्राचे वर्णन करावयास निघालेला लेखक बहुधा पंगतीत जाऊन बसतो. वाढप्यांची लगबग, पानावर पडणारी वाफाळलेली खिचडी, तृप्त यात्रेकरूंचे मुखावलोकन! यात खोटे काही नाही. परंतु पंगतीच्या मागे कोठी असते, आणि अन्नदानाची खरी परीक्षा तेथे होते, असे आमचे मत उज्जयिनीस बनले.

सिंह राशीत गुरू असता क्षिप्रेच्या तीरी भरणारा सिंहस्थ 2016 साली 22 एप्रिल ते 21 मे असा झाला. महिनाभर आखाड्यांच्या व मंडळांच्या तंबूंतून अन्नछत्रे चालू होती. आम्ही कोकणातून गेलेली काही मंडळी मंगळनाथाच्या बाजूस एका लहानशा अन्नछत्रात सेवेस राहिलो. (महाकालेश्वराचे मंदिर अठराव्या शतकात पुन्हा उभारणारे रामचंद्रबाबा सुखटणकर हे राणोजी शिंद्यांचे दिवाण; तेव्हा आपल्या लोकांस ते गाव अगदीच परके नव्हे.) वाढावयास हात पुष्कळ होते, कोठीत कोणी जाईना. तेथे आमची योजना झाली.

कोठीचे काम पाठीचे, तितकेच नाकाचे. पोती कनातीपासून हातभर दूर, खाली फळ्या; जुना माल पुढे, नवा मागे; आले-गेले त्याची नोंद वहीत. गव्हाचा दाणा दाताखाली कटकन मोडला पाहिजे. तांदळात सोंडे दिसले की पोते बाजूस. कोठारीबुवा वृद्ध, माळव्यातच जन्मलेले मराठी गृहस्थ. ते पिठाची चिमूट जिभेवर ठेवीत आणि मगच मापावयास सांगत.

दाते नाना तऱ्हेचे येत. कोणी आपल्या शेतातला उत्तम गहू स्वतः खांद्यावरून आणून टाकी व नावही न सांगता निघून जाई. कोणी घरी नकोशी झालेली, जाळी धरलेली डाळ आणी व म्हणे, “धर्मार्थ चालून जाईल.” त्यास कोठारीबुवांचे एकच उत्तर असे : “महाकाळाच्या नैवेद्यास जे चालत नाही, ते पंगतीस कसे चालेल?” दात्याचा हात मागे सारणे आपल्या संस्कारात बसत नाही, म्हणून मंडळींत कुजबूज होई. पण पंगतीत बसलेला भुकेला मनुष्य पान परत करू शकत नाही. त्याच्या वतीने ‘नको’ म्हणावयाचे ते कोठीनेच.

5 मे रोजी दुपारी वादळ आले. मंगळनाथ भागातील तंबू कोसळले, माणसे दगावली. त्या दुःखापुढे आमच्या धान्याची कथा ती काय? तरी रात्री भुकेले लोक यावयाचेच होते. कोठीवरचे कापड फाटून पिठाची व गव्हाची पोती भिजली होती, आणि चार दिवसांवर अक्षय्य तृतीयेचे शाही स्नान.

व्यवस्थापक मंडळींपैकी काहींचे म्हणणे पडले, की पिठाचा वरचा ओला थर काढावा व उरलेले वापरावे. इतक्या गर्दीत कोणास कळणार? दुसऱ्या दिवशी सकाळी कोठारीबुवांनी एक पोते सर्वांसमक्ष उसवले. आत गोळे धरले होते आणि आंबूस वास येत होता. वाद बराच झाला. पंगत आखूड झाली तर अन्नछत्राचे नाव जाईल, ही भीतीही काही खोटी नव्हती. अखेर ते पीठ खड्ड्यात पुरले गेले, आणि तो दिवस केवळ कोरड्या राहिलेल्या तांदळाच्या खिचडीवर निभावला.

गव्हाची गोष्ट निराळी. ओला गहू पोत्यात राहिला तर आतून तापतो, मग मोड धरतो. परंतु वेळीच पसरला तर वाचतो. पोत्यात हात घातला तेव्हा तो कोमट लागलाच. आम्ही ताडपत्र्या अंथरून वैशाखाच्या उन्हात गहू पातळ पसरला आणि दिवसभर पायांनी सऱ्या ओढीत फिरलो. तळपाय पोळले. संध्याकाळी दाणे चावून पाहण्याचे काम बुवांचे. “अजून दबतो,” म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पसरणे आले.

तृतीयेच्या आदल्या दिवशी दाणा कटकन मोडला. गहू गावातील चक्कीवरून दळून आला. पहिली पोळी तव्यावरून उतरली ती बुवांनी कोरडीच, सावकाश चावून खाल्ली. आम्ही सारे त्यांच्या तोंडाकडे पाहत उभे. मग पाण्याचा घोट घेऊन ते म्हणाले, “पाने मांडा.”