चक्री

वाटेत कोणी कोणास मार्ग द्यावा, याची एक यादी मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. गाडीत बसलेला, नव्वदी ओलांडलेला, रोगी, ओझेवाला, स्त्री, स्नातक, राजा आणि नवरदेव. यादीत पहिला मान आहे तो ‘चक्री’चा, म्हणजे चाकांवर बसून जाणाऱ्याचा. त्या ग्रंथातील पुष्कळ गोष्टी आज विचारी माणसास पटणाऱ्या नाहीत, मलाही पटत नाहीत; परंतु दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून खुबा मोडला आणि चाकांची खुर्ची नशिबी आली, तेव्हापासून हा एवढा शब्द मात्र मला आपला वाटू लागला आहे. या चक्रीने गेल्या माघात बारामतीची वारी केली, तिची ही हकीकत.

निमित्त झाले धाकट्या बंधूंच्या कन्येचे. तिची वक्तृत्वस्पर्धा होती आणि विषय होता मोरोपंत. “काका, मोरोपंत तुम्हीच शिकवलेत, तुम्ही समोर नसाल तर मी उभी राहणार नाही,” असा तिने हट्टच धरला. पन्हाळ्यास १७२९ साली जन्मलेला हा कवी बाबूजी नाइकांच्या आश्रयाने बारामतीस राहिला आणि १७९४ साली त्याच गावी निवर्तला. आमच्या पिढीस बारामती म्हटले की कऱ्हेकाठचे पंतच आठवत. आता ते विद्यार्थ्यांचे गाव झाले आहे. १९६२ साली तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघाले, १९७२ साली विद्या प्रतिष्ठान स्थापन झाले, आणि आज तर गावात महाविद्यालये पुष्कळ आहेत.

इंदापुराहून बारामती सुमारे ५० किलोमीटर. आषाढी वारीत तुकोबांची पालखी याच रस्त्याने बारामतीहून आमच्या गावी येते. लाखो पाय ज्या वाटेने चालत येतात, त्याच वाटेने मी उलट दिशेस, घडीची खुर्ची मोटारीच्या पाठीमागे टाकून निघालो. भवानीनगरच्या अलीकडे बंधूंनी मोटार थांबविली आणि भावजयीने दिलेला चहा पुढे केला. मी नको म्हटले. सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. त्यांनी आग्रह केला नाही. कारण त्यांना ठाऊक होते.

स्पर्धा कोणत्या महाविद्यालयात होती ते सांगत नाही. मंडळी अत्यंत अगत्यशील होती. फाटकापासून सभागृहापर्यंत खुर्ची सुरेख चालली, आणि मग पुढे पाच पायऱ्या आल्या. मास्तरकीची खोड म्हणून मी मनात गणित मांडले. प्रत्येक पायरी सहा इंच, म्हणजे एकूण चढ अडीच फूट. सरकारी नियमाप्रमाणे फुटाच्या चढास बारा फुटांची उतरण लागते, तेव्हा येथे ३० फूट पुरे. तेवढ्या जागेत मोटारसायकली ओळीने उभ्या होत्या.

माझे गणित संपते न संपते तोच चार तरुण धावत आले. “आजोबा, घाबरू नका!” असे म्हणून त्यांनी खुर्ची उचललीदेखील. खुर्ची एका अंगास कलली. मी दोन्ही हातांनी कठडे धरले. उपरणे खांद्यावरून घसरून पायऱ्यांवर पडले. सभागृहाच्या दाराशी जमलेली मुलेमुली तटस्थ होऊन पाहत होती आणि त्यांत आमची कन्याही होती. वर पोचताच एक प्राध्यापक कौतुकाने म्हणाले, “पाहिलेत? आमची मुले किती सेवाभावी आहेत!”

हे वाक्य माझेच होते. १९९० साली मी ते शाळेत, स्वातंत्र्यदिनाच्या सभेत उच्चारले होते.

माझ्या वर्गात पोलिओने दोन्ही पाय गेलेला एक मुलगा होता. तेव्हा तो रोग गावोगाव दिसे. भारत पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर झाले ते २०१४ साली. वर्ग माडीवर भरे, आणि दोन दणकट मुले त्यास रोज पाठुंगळीस घेऊन वर नेत. त्या दोघांना मी सेवेबद्दल बक्षीस दिले, भाषण केले, सभेने टाळ्या वाजविल्या. तो मुलगाही पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवीत होता. त्याची आई एकदा मला म्हणाली होती, “गुरुजी, पोराची पाण्याची बाटली रोज भरलेली तशीच घरी येते.” मी म्हणालो, “मुले आहेत, खेळण्याच्या नादात विसरतात.” जो मुलगा खेळण्यास जात नव्हता, त्याच्याविषयी मी हे म्हणालो!

मोरी खाली होती. तहान लागली की पाणी, पाण्यामागून खाली नेण्याची विनंती, आणि विनंतीमागून पुन्हा आभार. दहा वर्षांच्या पोराने हा हिशेब रोज केला आणि मला, त्याच्या गणिताच्या मास्तरास, तो ३० वर्षांहून अधिक काळ सुटला नाही. वर्ग तळमजल्यावर आणावयास एक दुपार पुरली असती. खाली दोन खोल्या होत्या. त्यांपैकी एकीत जुने नकाशे आणि मोडकी बाके रचून ठेवली होती.

कन्या छान बोलली. दुसरा क्रमांक आला. माझ्या मते पहिला यावयास हवा होता, पण ते असो. समारंभानंतर प्राचार्य भेटावयास आले, तेव्हा मी आभार मानले आणि ३० फुटांचे गणितही सांगितले. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाचे नाव घेताच ते किंचित ओशाळले. मी म्हणालो, “मी रागावून सांगत नाही. त्या मुलांचे हात बळकट आहेत, त्यांना दोष नाही. मला फक्त एकदा माझ्या मनाने आत यावयाचे होते, आणि वाटेल तेव्हा बाहेर जावयाचे होते.” त्यांनी लेखनिकास बोलावून माप टिपून घेतले. पुढे काय होते ते पाहावे.

परतताना भवानीनगरास पुन्हा चहाची गोष्ट निघाली. बंधू म्हणाले, “आता घरच जवळ आले, घ्या निर्धास्त.” मी अर्धा पेला घेतला.

जुन्या सहकाऱ्यांकडून त्या मुलाचा पत्ता मिळविला आहे. तो आता चाळिशीच्या पुढे गेला असेल. पत्राचा मायना तीनदा लिहिला आणि तीनदा खोडला. त्यास ‘चिरंजीव’ लिहावे की ‘श्रीयुत’, येथेच लेखणी अडून बसली आहे.