पापड उठला होता

पापड जिन्यावरून पडला तेव्हा मी ऑफिसच्या कॉलवर होतो.

अडीच महिन्यांचं पिल्लू. घर उल्हासनगर कॅम्प ५ मध्ये. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या या बराकी १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना मिळाल्या, आणि पुढे ज्याला जमेल तसे त्यांच्यावर माळे चढले. आमच्या माळ्याच्या लोखंडी जिन्याला कठडा नव्हता. "बसवू गं," असं मी आईला वर्षभर सांगत होतो.

धप्पकन आवाज आला. खाली धावलो. पापड मिनिटभर निपचित पडून होता, मग उठला, अंग झटकलं, शेपूटही हलवली. मी परत कॉलवर. सर्व्हर पडून आपोआप उभा राहिला की आम्ही लॉग न बघताच हुश्श करतो, तसंच.

दोन तासांनी आई म्हणाली, "अरे, हा एकाच बाजूला गोल गोल फिरतोय बघ." मग उलटी झाली. डोळ्यांवर मोबाइलचा टॉर्च धरला. एक बाहुली आकसली, दुसरी तशीच मोठी राहिली.

कल्याणच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी आधी काय करायचं नाही तेच सांगितलं. आईने गरम केलेलं हळदीचं दूध नको, पाणीही नको. गुंगीतल्या पिल्लाच्या ते श्वासनलिकेत जातं. क्रोसिन तर मुळीच नको, आपल्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्यांना विषारी ठरू शकतात. गळ्यातला पट्टा काढा. मानेच्या शिरा दाबल्या गेल्या की डोक्यातलं रक्त नीट खाली उतरत नाही आणि कवटीच्या आतला दाब वाढतो. उशीसुद्धा नको, मान वाकते. कडक पुठ्ठ्यावर झोपवा आणि डोक्याकडची बाजू पुठ्ठ्यासकट थोडी वर धरा.

शेजारच्या जीन्स शिवणाऱ्या गाळ्यातून खोक्याचा पुठ्ठा आणला. रिक्षात आईने तो मांडीवर धरला. प्रत्येक खड्ड्याला ती रिक्षावाल्याला "दादा, हळू" म्हणत होती. मला काहीच म्हणत नव्हती.

डॉक्टरांनी तपासून गुण मांडले. माणसांसाठी १९७४ मध्ये आलेल्या ग्लासगो कोमा स्केलवरून जनावरांसाठी बेतलेली ही पद्धत आहे: हालचाल, डोळ्यांच्या प्रतिक्रिया, शुद्ध, प्रत्येकी ६, एकूण १८. पापडला १४. "एकदाच्या आकड्याला अर्थ नाही, तो घसरतोय का ते बघायचं," ते म्हणाले. मार एका क्षणात बसतो, पण सूज आणि रक्तस्राव पुढचे कित्येक तास वाढू शकतात, आणि कवटी काही ताणत नाही. तो उठला होता, हे मी त्यांना दोनदा सांगितलं.

वाटेत वाचलेलं स्टिरॉइडचं विचारलं. नाही म्हणाले, माणसांवरच्या २००४ च्या मोठ्या चाचणीत स्टिरॉइड दिलेल्या रुग्णांमध्येच मृत्यू जास्त झाले होते. सलाइनमधून मॅनिटॉल दिलं.

पुढचे ४८ तास दर दोन तासांनी गजर आणि टॉर्च. दुसऱ्या पहाटे दोन्ही बाहुल्या सारख्या दिसल्या. मी आईला उठवून दाखवल्या.

पापडची मान अजून किंचित डावीकडे कलते. रविवारी वेल्डर आला. त्याला आईनेच बोलावलं होतं, पैसेही तिनेच दिले.