चवदार तळ्याचे पाणी

सावित्री नदीकाठचे महाड हे रायगड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. पर्यटक येथून रायगड किल्ल्याकडे जातात. आपली पावले मात्र वळतात ती चवदार तळ्याकडे. 20 मार्च 1927 रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी हजारो बांधवांसह याच तळ्याचे पाणी प्राशन केले. तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव महाड नगरपालिकेने 1924 सालीच केला होता, पण तो कागदावरच राहिला होता. येथे गुरे पाणी पीत, माणसाला मात्र बंदी होती.

सत्याग्रहानंतर सनातन्यांनी तळे 'बाटले' म्हणून शुद्धीचा घाट घातला. दूध, दही, शेण आणि गोमूत्र यांची 108 मडकी पाण्यात बुडवली, मंत्र म्हटले आणि पाणी शुद्ध झाले असे जाहीर केले! माणसाच्या ओंजळीने बाटणारे पाणी शेणाने शुद्ध होते, असे हे शास्त्र. पुढे 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला.

आम्ही वस्तीतील मंडळी मुलाबाळांसह तेथे गेलो, तेव्हा काठाला पाणी हिरवट, गढूळ दिसले. कोपऱ्यात हार, पिशव्या, रिकाम्या बाटल्या तरंगत होत्या. एका मुलाने विचारले, "हेच का ते चवदार पाणी?" प्रश्न रास्त होता.

साचलेले पाणी का बिघडते? फुले, अन्न, साबण त्यात कुजले की शेवाळाला खत मिळते. ऊन मिळताच ते फोफावते आणि पाणी हिरवे होते. शेवाळ मेले की तेही कुजते, पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासे मरतात. म्हणून पहिला उपाय म्हणजे घाण आत जाऊच न देणे. मग गाळ काढणे, पाणी खेळते ठेवणे. माशांच्या तळ्यात ब्लीचिंग पावडर ओतणे हा उपाय नव्हे. तिने मासेही मरतात.

घरात गढूळ पाणी आले तर तुरटीचा खडा फिरवावा. मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. वरचे निवळ पाणी हळूच ओतून, स्वच्छ फडक्याने गाळून चांगले उकळावे. तुरटीने गढूळपणा जातो, रोगजंतू मात्र उकळल्याने मरतात. आमच्या भगिनींना यातले बरेच ठाऊक आहे. मुलांनाही ते समजावून सांगावे. पाणी मंत्राने नव्हे, कारण शोधून केलेल्या उपायाने शुद्ध होते, हे त्यांना घरातच दिसेल.

बाबासाहेबांना त्या पाण्यावाचून तहान लागली नव्हती. आपणही माणसे आहोत हे त्यांना सिद्ध करायचे होते. ज्या पाण्याचा हक्क मिळवण्यासाठी आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली, त्यात आपणच निर्माल्य टाकावे काय?

येत्या 20 मार्चला महाडला जाताना प्रत्येक कुटुंबाने एक रिकामी पिशवी सोबत न्यावी. आपला कचरा तिच्यात भरून परत आणावा, आणि काठावर दिसेल तोही उचलावा. फुले पुतळ्यापाशी वाहावीत, पाण्यात नकोत. हक्क मिळाला, आता राखण करण्याची जबाबदारी आपली आहे.

जयभीम!