घसारा

दिवाळीच्या आदल्या दिवशी खडेबाजारातल्या न्हाव्याने माझ्या डोक्यामागे आरसा धरला आणि हळूच म्हणाला, "तम्मा, कूदल उदराक हत्त्याव." मला दोन्ही भाषा येतात, त्यामुळे न समजल्याचे सोंगही करता येईना!

मग वाचनालयात बसलो. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५१ साली टकलाच्या पायऱ्या आखल्या. ओटार नॉरवूड यांनी १९७५ साली त्या सुधारल्या. पायऱ्या एकंदर सात. दुसरीत कानशिलांवरचे कोपरे किंचित मागे सरतात, तिसरीत खोल जातात. पुढे माथ्यावरचा चंद्र मोठा होतो, मधला पूल खचतो आणि सातवीत कानांपासून मानेपर्यंत तेवढी घोड्याच्या नालासारखी झालर उरते. अस्मादिक तिसरीच्या उंबरठ्यावर.

केस काही एका रात्रीत जात नाही. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी तयार होते. ज्यांना तसा वारसा आहे त्यांच्या माथ्यावरच्या केसांची मुळे त्याने आकसतात. वर्षानुवर्षे वाढणारा केस मग काही महिन्यांतच गळतो आणि त्याच्या जागी येणारा आधीपेक्षा बारीक असतो. आम्हा वाणिज्यवाल्यांच्या भाषेत हा घसाराच. पण सरळ रेषा पद्धतीचा नव्हे. कधी दोन वर्षे जैसे थे, कधी सहा महिन्यांत मोठी उडी. असल्या हिशेबावर कुठलाही लेखापरीक्षक सही करणार नाही.

आजी अजून माझ्या मामांकडे बोट दाखवते. वास्तविक हा वारसा दोन्हीकडून येतो. आईने हे ऐकून घेतले आणि त्या दिवशी आमटीला जरा जास्तच फोडणी दिली.

एवढे वाचूनही मी परीक्षा फीतले चारशे रुपये एका तेलाच्या बाटलीत घातले. गळणे काही थांबले नाही. बाटली बाबांच्या हाती लागली. मी बोलणी खायच्या तयारीत उभा. त्यांचे स्वतःचे माथे माझ्या आठवणीत कायम मोकळेच.

त्यांनी माळ्यावरून एक जुनी बाटली काढली. आत खिळे होते. लेबल अर्धे फाटलेले, त्यावर लांब केसांची बाई.

"तुझ्या आईला बघायला जायच्या आधी असल्या तीन संपवल्या होत्या," ते म्हणाले. खिळे पुन्हा नीट भरले, बूच लावले आणि फीची शेवटची तारीख काय, तेवढे विचारले.